कोण होत्या डॉ. लुसी विल्स? मुंबईतल्या गरोदर महिला, कुन्नूरची माकडे आणि फॉलिक ॲसिडच्या गोळीची गोष्ट

देवळा : गरोदर महिलेने उपकेंद्रात नाव नोंदवले, की चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी सुरू होते. या गोळीत लोह असते आणि फॉलिक ॲसिडही. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिडची छोटी गोळी दिली जाते. देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या कसमादे पट्ट्यात आशाताईंच्या पिशवीत या गोळ्या नेहमी असतात. अनेक घरांत मात्र त्या फडताळात तशाच पडून राहतात. गोळी कडू लागते, मळमळते, शिवाय ती कशासाठी घ्यायची हे कोणी नीट सांगितलेले नसते.

या गोळीमागचा शोध मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत सुरू झाला. तो सुरू करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांच्या आयुष्यातून आणखी एक गोष्ट समजते. मुलांमधल्या जन्मजात दोषांचे कारण शोधताना उंदीर, ससे, माकडे यांचा काय उपयोग होतो आणि ते कुठे फसवतात, हे त्यातून कळते.

फॉलिक ॲसिडचा जन्मजात दोषांशी संबंध काय?

आईच्या पोटात गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला पेशींची एक सपाट पट्टी असते. पोळीची गुंडाळी करावी तशी ती दोन्ही कडांनी वर वळते आणि तिची नळी तयार होते. या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत ही नळी पूर्ण मिटलेली असते.

नळी खालच्या बाजूला उघडी राहिली, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात फट राहते. याला स्पायना बिफिडा म्हणतात. अशा मुलांपैकी अनेकांच्या पायांत ताकद नसते, लघवी-शौचावर ताबा नसतो, काहींच्या डोक्यात पाणी साठते. नळी वरच्या बाजूला उघडी राहिली, तर मेंदू आणि कवटी नीट तयारच होत नाहीत. असे बाळ जगत नाही.

गर्भधारणेनंतरचे २८ दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतरचे जेमतेम दोन आठवडे. तोवर अनेक महिलांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. पेशी झपाट्याने वाढण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते आणि या काळात ते कमी पडले तर नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. चौथ्या महिन्यात सुरू होणारी लाल गोळी ॲनिमियासाठी गरजेचीच आहे. पण या नळीच्या दृष्टीने तोपर्यंत उशीर झालेला असतो.

लुसी विल्स नेमक्या कोण?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड येथे झाला. घर सुस्थितीतले होते. विळे-कोयत्यांसारखी धारदार अवजारे बनवण्याचा घरचा व्यवसाय होता. वडील विज्ञानाचे पदवीधर होते. मुलींनी विज्ञान शिकावे, असे मानणाऱ्या मोजक्या शाळांपैकी चेल्टनहॅम येथील शाळेत त्या शिकल्या. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या आणि त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण त्यांना पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा महिलांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. तो नियम बदलायला १९४८ साल उजाडले.

१९११ मध्ये वडील गेले, १९१३ मध्ये थोरली बहीण गेली. त्यानंतर लुसी आईबरोबर श्रीलंकेला आणि पुढे भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तिथे असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि केप टाऊनमध्ये त्यांनी स्वयंसेवक म्हणून परिचारिकेचे काम केले. डॉक्टर व्हायचे त्यांनी त्यानंतर ठरवले. जानेवारी १९१५ मध्ये त्या लंडनच्या महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी डॉक्टर झाल्या. त्यांनी दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गरोदरपणातील आजारांवर संशोधन करणे त्यांनी पसंत केले.

मुंबईत त्या कशासाठी आल्या?

१९२८ मध्ये त्या भारतात आल्या. गरोदरपणात आणि बाळंतपणात इतक्या महिला का दगावतात, याची चौकशी त्या काळी सुरू होती. हे काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी लुसी यांना बोलावून घेतले होते. परळची हाफकिन संस्था हे त्यांचे ठिकाण होते.

परळच्या आसपास कापड गिरण्या होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या आणि चाळींत राहणाऱ्या गरीब महिलांमध्ये गरोदरपणात एक गंभीर ॲनिमिया दिसत होता. रक्तातल्या लाल पेशींची संख्या खूप घटायची, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या असायच्या. लोह कमी पडल्यावर पेशी लहान होतात. त्यामुळे कारण लोहाचे नाही, वेगळेच काही आहे, हे स्पष्ट होते.

लुसी यांनी आधी संसर्गाचा शोध घेतला, पण तसा पुरावा मिळाला नाही. मग त्या या महिलांच्या ताटाकडे वळल्या. कोण काय खाते, किती खाते, भाजी-फळे किती मिळतात, हे त्यांनी समाजातल्या वेगवेगळ्या थरांतील महिलांबाबत तपासले. गरीब मुस्लिम महिलांचा आहार सर्वांत निकृष्ट होता. त्यात भाजीपाला, फळे आणि प्रथिने फार कमी होती आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वाधिक होता. ताट आणि आजार यांचा संबंध आहे, असा संशय बळावला. तो सिद्ध करण्यासाठी त्या प्राण्यांकडे वळल्या.

उंदरांनी कसे फसवले?

१९२९ मध्ये हे काम निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत हलले. आहारशास्त्राचे नामवंत संशोधक रॉबर्ट मॅककॅरिसन तिथे होते. लुसी यांनी पांढऱ्या उंदरांना मुंबईतल्या त्या महिलांसारखाच आहार दिला. गाभण उंदीर-माद्या ॲनिमियाने खंगल्या आणि पिल्ले होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळले, की उंदरांमधला ॲनिमिया टळत होता. वरवर पाहता प्रश्न सुटला होता.

पण या उंदरांच्या अंगावर उवा होत्या. त्या उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू पसरत होता आणि तो जंतूही रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतो. मग उंदीर मेले ते आहारामुळे की जंतूमुळे? याचे उत्तर त्या प्रयोगातून मिळणे शक्य नव्हते.

प्राण्यांवरील प्रयोगाचा हा पहिला धडा आहे. प्राण्याला माणसासारखा आजार झाला, एवढे दिसणे पुरेसे नसते. तो त्याच कारणाने झाला का, हे वेगळे तपासावे लागते. आज प्रयोगशाळांत जंतुमुक्त उंदीर वापरण्याचा आग्रह धरला जातो तो याच कारणासाठी.

माकड आणि मार्माइट

लुसी यांनी काम सोडले नाही. त्या ऱ्हीसस माकडांकडे वळल्या. माकडांनाही तोच निकृष्ट आहार दिला आणि त्यांच्यातही माणसासारखाच, मोठ्या पेशींचा ॲनिमिया दिसला. तो यीस्टच्या अर्काने बरा होत होता. हा अर्क म्हणजे मार्माइट. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून तयार होणारे हे काळपट, खारट चाटण ब्रिटनमध्ये पावाला लावून खातात. भाजीपाला वर्ज्य असलेल्या ताटातली उणीव ते भरून काढत होते.

मुंबईतल्या गरोदर महिलांना मार्माइट दिल्यावर त्यांच्यातही झपाट्याने सुधारणा झाली. १९३१ मध्ये लुसी यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी अशा ॲनिमियावर प्राण्यांच्या यकृताचा अर्क देत. तो महाग होता. मार्माइट स्वस्त होते आणि गरिबांना देणे शक्य होते.

पुढे त्यांना आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. यकृताचा साधा अर्क या महिलांना लागू पडे, पण तोच अर्क अधिक शुद्ध केला की काम करत नसे. दुसऱ्या एका जीवघेण्या ॲनिमियावर मात्र शुद्ध अर्कही गुणकारी होता. याचा अर्थ, शुद्ध करताना जे निघून जात होते, त्यात एक वेगळा घटक होता. या अनोळखी घटकाला पुढे विल्स घटक असे नाव मिळाले. शुद्ध अर्कात उरणारा घटक म्हणजे आजचे बी-१२ जीवनसत्त्व आणि निघून जाणारा म्हणजे फॉलिक ॲसिड.

विल्स घटकाचे फॉलिक ॲसिड कसे झाले?

१९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधील संशोधकांनी सुमारे चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा केला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. काही वर्षांत तो प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करता येऊ लागला. हे काम करणाऱ्या लेडर्ले कंपनीच्या संशोधन विभागाचे नेतृत्व आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. शोधाची सुरुवात मुंबईत झाली आणि औषध बनवणाऱ्या चमूच्या प्रमुखपदीही एक भारतीय होता.

जन्मजात दोषांपर्यंत ही वाट कशी पोहोचली?

लुसी विल्स ॲनिमियाचे कारण शोधत होत्या, बाळातील व्यंगाचे नव्हे. व्यंगाकडे जाणारा रस्ता दुसऱ्या प्राण्यांनी दाखवला.

त्या काळी जन्मजात दोष एकतर आनुवंशिक मानले जात किंवा नशिबाचे. आपल्याकडे तर ग्रहणात गरोदर बाईने विळी-सुरी हातात धरली, की बाळाचा ओठ फाटतो, असे आजही सांगितले जाते. १९३३ मध्ये टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला अ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिला झालेल्या अकराही पिल्लांना डोळेच नव्हते. पुन्हा योग्य आहार दिल्यावर अशी पिल्ले जन्मली नाहीत. आईच्या आहारातील एका घटकाच्या अभावाने पिल्लात व्यंग येऊ शकते, हे त्यातून प्रथमच ठळकपणे समोर आले.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात मार्जोरी नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदीर-माद्यांचे फॉलिक ॲसिड काही दिवसांपुरतेच तोडले. पिल्लांमध्ये अनेक प्रकारची व्यंगे दिसली. कोणत्या दिवशी तोडले यावर कोणता अवयव बिघडणार हे ठरत होते. कमतरतेइतकाच तिचा दिवसही महत्त्वाचा आहे, हे उंदरांनी शिकवले. गरोदर महिलेवर असा प्रयोग करणे अशक्य होते आणि तो करूही नये.

१९६५ मध्ये इंग्लंडमधील हिबर्ड आणि स्मिथेल्स या डॉक्टरांनी व्यंग असलेल्या बाळांच्या मातांमध्ये फॉलिक ॲसिडच्या वापरात बिघाड असल्याचे दाखवले. त्यानंतर उत्तर मिळायला आणखी पाव शतक लागले. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ७ देशांतील ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचा निकाल जाहीर केला. नळीचा दोष असलेले बाळ आधी झालेल्या १,८१७ महिला त्यात होत्या. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेणाऱ्या गटात असा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी आढळले. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचीही अशीच चाचणी सुरू होती. ब्रिटनचा निकाल आल्यावर तीही थांबवण्यात आली, कारण आता कोणालाही गोळीविना ठेवणे योग्य नव्हते. अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले.

मग प्राण्यांवरचे प्रयोग किती खरे मानायचे?

प्रत्येक प्राण्याचा उपयोग वेगळा आहे. कोंबडीच्या अंड्याला छोटी खिडकी पाडली, की आतला गर्भ वाढताना डोळ्यांनी पाहता येतो. आपल्याकडच्या नद्या-ओढ्यांत आढळणाऱ्या झेब्राफिश या बोटाएवढ्या माशाचा गर्भ पारदर्शक असतो. छोट्या उंदराचे जनुक बदलता येते आणि त्याचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. नळीचा दोष घडवणारी २०० हून अधिक जनुके उंदरांमध्येच सापडली आहेत.

त्यातूनच एक अवघड सत्यही कळले. स्प्लॉच नावाच्या उंदरांच्या जातीत फॉलिक ॲसिड दिल्यावर नळीचे दोष कमी होतात. कर्ली टेल नावाच्या जातीत मात्र फॉलिक ॲसिडचा उपयोग होत नाही, तिथे इनोसिटॉल हा दुसरा घटक कामी येतो. नियमित गोळी घेतलेल्या काही महिलांच्या बाळांतही हा दोष का दिसतो, याचे एक उत्तर इथे आहे. सगळे दोष एकाच कारणाने होत नाहीत.

प्राणी धोकाही देतात. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आले आणि गरोदरपणातल्या मळमळीवर दिले जाऊ लागले. गाभण प्राण्यांवर त्याची पुरेशी तपासणी झालेली नव्हती. जगभरात १० हजारांहून अधिक मुले हात-पाय आखूड किंवा नसलेल्या अवस्थेत जन्मली. १९६१ मध्ये औषध मागे घेतल्यावर लक्षात आले, की उंदरांवर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही, पण ससे आणि माकडांमध्ये व्यंगे दिसतात. फक्त उंदरांवर तपासले असते, तरीही धोका सुटून गेला असता. म्हणूनच नव्या औषधाची गर्भावरील तपासणी आता उंदीर आणि ससा अशा दोन वेगळ्या प्राण्यांवर केली जाते.

थोडक्यात, प्राणी दिशा दाखवतो. शेवटचे उत्तर माणसांच्या काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासातूनच मिळते. लुसी यांचा प्रवासही असाच होता. त्यांनी आधी महिलांचे ताट पाहिले, मग उंदीर आणि माकडे तपासली आणि पुन्हा महिलांकडे येऊन उपचार केले.

लुसी विल्स यांचे पुढे काय झाले?

१९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या आणि १९४७ पर्यंत रॉयल फ्री रुग्णालयात काम करत राहिल्या. १९३७ च्या अखेरीस काही आठवड्यांसाठी त्या पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या प्रयोगशाळेवरही बॉम्ब पडला. त्या सायकलवरून कामाला जात, डोंगर चढत आणि बर्फात स्कीइंग करत. त्यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी पोषण आणि ॲनिमियाचा अभ्यास सुरू ठेवला. शेवटच्या दहा वर्षांत लंडनच्या चेल्सी भागातून त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या.

२६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. हिबर्ड-स्मिथेल्स यांचा शोधनिबंध त्यानंतरच्या वर्षी आला. आपण शोधलेल्या घटकामुळे बाळाच्या पाठीचा कणा वाचतो, हे त्यांना कधीच कळले नाही. १० मे २०१९ रोजी त्यांच्या १३१ व्या जयंतीला गुगलने डूडल केले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट वेळेची. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याच्या किमान एक महिना आधीपासून आणि पहिले तीन महिने घ्यायची असते. म्हणून तिची आठवण बाळंतपणाच्या नोंदणीवेळी नव्हे, तर लग्न ठरल्यावर किंवा मूल हवे असे ठरवल्यावर व्हायला हवी. शाळेतील मुलींना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीतही लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते, तीही टाळू नये. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिट्सचे औषध सुरू असेल, तर मोठा डोस लागू शकतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

दुसरी गोष्ट ताटाची. मेथी, पालक, हरभरा, मूग, मटकी, शेंगदाणे यांत हा घटक असतो. भाजी फार वेळ शिजवली आणि पाणी ओतून दिले, तर तो बराच कमी होतो. कांद्याच्या खळ्यावर दिवसभर राबणाऱ्या बाईच्या डब्यात अनेकदा भाकरी आणि चटणीच असते, म्हणून नुसत्या आहारावर विसंबून चालत नाही. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून सुरू असलेल्या माता-बालक अभ्यासात गरोदर महिलांमध्ये बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. बी-१२ कमी असताना मोठ्या डोसचे फॉलिक ॲसिड ती कमतरता झाकून टाकू शकते. त्यामुळे शाकाहारी महिलांनी बी-१२ ची तपासणी करून घेणे हिताचे.

तिसरी गोष्ट दोष देण्याची. व्यंग असलेले बाळ जन्मले, की घरात पहिले बोट सुनेकडे जाते. ग्रहण, नजर, पाप अशी कारणे काढली जातात. त्या बाईला दिवस गेल्याचे कळायच्या आधीच तिच्या पोटातली ती नळी मिटते किंवा उघडी राहते आणि गोळी वेळेवर घेऊनही काही दोष होतात. असे बाळ जन्मले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची तपासणी आणि पुढील उपचार मोफत होतात. वाद घालण्यापेक्षा बाळाला लवकर तिथे नेणे महत्त्वाचे.

मुंबईतल्या महिलांचा आजार पाहून लुसी विल्स यांनी त्यांच्या नशिबाकडे बोट दाखवले नाही, त्यांच्या ताटात काय कमी आहे ते तपासले. ती उणीव भरून काढणारी गोळी आज सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. ती योग्य महिन्यात पोटात जाणे तेवढे बाकी आहे.